हतवाहन : बंदिवान वैमानिकांची हत्या आणि तिचा खटला

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. ग्वाल्हेर)



विषय कळवला तेव्हा सचिवांनी मला हळूच विचारलं, ‘वकीलसाहेब, गणपतीत खुनाचा खटला?’ मी म्हटलं, बुद्धीच्या देवतेसमोर जरा जड विषय काढला तर ती रागावणार नाही. आपल्याकडे मंडपात गाणं होतं, नाटक होतं, मुलांच्या स्पर्धा होतात. त्यांच्या जोडीला व्याख्यानही पहिल्यापासून आहे. आज ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती जर्मनीत घडली, ऐंशी वर्षांपूर्वी. पण ती ऐकायला ग्वाल्हेरइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. महाराजपूरच्या तळावरून मिराज उडालं की आपल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्या विमानात बसलेला मुलगा जर परक्या मुलखात उतरला, तर त्याचं काय व्हावं, हा प्रश्न आपल्या डोक्यावरून रोज उडत जातो.

आधी घटना सांगतो.

१९४४ सालचा ऑगस्ट महिना. २४ तारखेला अमेरिकेचं एक बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमान हॅनोव्हर भागातल्या मोहिमेवर असताना पाडण्यात आलं. विमानातले नऊ जण पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. त्यांतला एक जबर जखमी होता, त्याला इस्पितळात ठेवलं. उरलेल्या आठ जणांना आगगाडीने फ्रँकफुर्टजवळच्या ओबरउर्सेलला न्यायचं ठरलं. पकडलेल्या वैमानिकांची चौकशी तिथल्या छावणीत होत असे. सोबत जर्मन हवाई दलाचे दोन पहारेकरी होते.

वाटेत रुसेल्सहाइम नावाचं गाव लागतं. ओपेल मोटारींचा मोठा कारखाना तिथला. २५ तारखेच्या रात्री ब्रिटिश विमानांनी या गावावर प्रचंड बॉम्बफेक केली. कारखाना जळला, घरं पडली, माणसं मेली, रूळ उखडले. त्यामुळे २६ तारखेच्या सकाळी आगगाडी पुढे जाईना. पहारेकऱ्यांनी ठरवलं, कैद्यांना गावातून पायी न्यायचं आणि पुढच्या स्थानकावर दुसरी गाडी धरायची.

डोळ्यांसमोर आणा. ढिगारे अजून धुमसताहेत. लोक रात्रभर झोपलेले नाहीत. आणि त्यांच्यासमोरून शत्रूच्या गणवेशातली आठ तरुण पोरं चालली आहेत. दोन बहिणी पुढे आल्या आणि ओरडल्या, ‘काल रात्रीचे हेच ते! मारा यांना!’ काल रात्री आलेली विमानं ब्रिटिशांची होती. हे आठही अमेरिकन, आणि त्या रात्री ते कैदेत होते. पण ते विचारायला कोणी थांबलं नाही. दगड, विटा, कौलं, फावडी, हातोडे, हाताला जे लागलं ते घेऊन लोक तुटून पडले. कैदी एकमेकांना सावरत चालत राहिले. पहारेकऱ्यांनी त्यांना वाचवलं नाही. शेवटी सगळे कोसळले, तेव्हा योझेफ हार्टगेन नावाचा स्थानिक नाझी पुढारी पिस्तूल घेऊन आला आणि त्याने पडलेल्यांवर एकामागून एक गोळ्या झाडल्या. गोळ्या संपल्या आणि दोघे राहिले. सगळ्यांना मेलेले समजून हातगाडीवर घातलं आणि स्मशानाकडे नेलं. वाटेत आणि तिथेही, जो कण्हेल त्याच्यावर घाव पडत होते. एवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. माणसं पळाली. प्रेतांच्या ढिगातून दोघे जण सरपटत बाहेर आले आणि निसटले. काही दिवसांनी ते पुन्हा पकडले गेले आणि रीतसर युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचले. ते जगले. सहा जण मेले.

श्रोतेहो, जमावाचा राग खोटा नव्हता, हे मी आधीच मान्य करतो. ज्याचं घर काल रात्री जळलं त्याच्या रागाला आपण इथे खुर्चीवर बसून नावं ठेवू नयेत. पण त्या रागाला वाट कोणी करून दिली, तेही पाहिलं पाहिजे. १० ऑगस्ट १९४३ ला हिमलरने पोलिसांना हुकूम काढला होता की, खाली उतरलेले शत्रू-वैमानिक आणि जर्मन लोक यांच्यात काही झालं तर मध्ये पडणं हे पोलिसांचं काम नाही. २८ मे १९४४ ला गोबेल्सने पक्षाच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. जर्मन पोलिसांनी आणि सैनिकांनी या वैमानिकांना लोकांपासून का वाचवावं, असा त्याचा सूर होता. दोनच दिवसांनी बोरमानचं गुप्त परिपत्रक निघालं. त्यात अशा हत्या झाल्याची नोंद होती, आणि त्या करणाऱ्यांवर कारवाई झालेली नाही, हेही पक्षाच्या पुढाऱ्यांना कळवलेलं होतं. ‘मारा’ असं कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. ‘मारलंत तर आम्ही पाहणार नाही’ एवढंच लिहिलं. सरकारने डोळे मिटले की जमावाला परवाना मिळतो. त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही.

आणि कायदा? तो तेव्हाही होता. १९२९ च्या जिनिव्हा कराराच्या दुसऱ्याच कलमात म्हटलं होतं की, युद्धकैद्याला मारहाण, अपमान आणि लोकांच्या कुतूहलापासूनही संरक्षण मिळालं पाहिजे. त्याच्यावर सूड उगवता येणार नाही. ‘कुतूहल’ हा शब्द लक्षात ठेवा. कैद्याची धिंड काढणंसुद्धा निषिद्ध. या करारावर जर्मनीची सही होती आणि १९३४ मध्ये तिने तो मान्यही केला होता.

आता खटला. युद्ध संपलं. जून १९४५ च्या अखेरीस अमेरिकन सैन्याला रुसेल्सहाइमच्या स्मशानात ती प्रेतं सापडली. जुलैच्या अखेरीस डार्मश्टाट शहरात अमेरिकन लष्करी आयोगापुढे खटला उभा राहिला. ११ आरोपी. सरकारी बाजूचे वकील होते लेफ्टनंट कर्नल लिऑन जॅवॉर्स्की. हे नाव पुढे जगाला माहीत झालं. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडून ध्वनिफिती मिळवण्यासाठी जे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, तेच हे.

बचाव काय होता? आम्ही साधी माणसं. आम्हाला गोबेल्सने, रेडिओने, वर्तमानपत्रांनी भडकवलं. वर्षानुवर्षं जे कानात ओतलं तेच बाहेर आलं. हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भडकवलं होतं हे खरंच होतं. पण त्याच रस्त्यावर त्याच दिवशी असे लोकही होते ज्यांनी दगड उचलला नाही. तेच वर्तमानपत्र त्यांच्याही घरी येत होतं, आणि बॉम्ब त्यांच्याही गावावर पडले होते. त्याच गावातल्या लोकांनी साक्षी दिल्या आणि खटला उभा राहिला. भडकवणारा दोषी आहे म्हणून भडकणारा निर्दोष ठरत नाही. न्यायालयाने बचाव नाकारला. सात जणांना फाशी, तिघांना मोठ्या मुदतीची सक्तमजुरी, एक जण निर्दोष. फाशीच्या सातांमध्ये त्या दोन बहिणीही होत्या. त्यांची शिक्षा पुढे ३० वर्षांच्या कैदेवर आणली गेली. हार्टगेनसह पाच पुरुषांना १० नोव्हेंबर १९४५ ला ब्रुखझालच्या तुरुंगात फाशी दिलं.

वकील म्हणून मला दुसरा एक खटला याहूनही जवळचा वाटतो. तो एसेन शहरातला. १३ डिसेंबर १९४४ ला तीन ब्रिटिश वैमानिक तिथे कैदेत होते. कॅप्टन एरिक हायर या अधिकाऱ्याने त्यांना चौकशीसाठी दुसरीकडे पाठवायचं म्हणून शिपायाच्या ताब्यात दिलं. बराकीबाहेर गर्दी जमली होती. हायर पायऱ्यांवर उभा राहिला आणि गर्दीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात शिपायाला म्हणाला की, लोकांनी कैद्यांना काही केलं तर तू मध्ये पडायचं नाहीस. यांना गोळ्याच घालायला हव्यात, अशा अर्थाचंही तो बोलला. मग कैद्यांना भर रस्त्यातून नेलं. गर्दी वाढत गेली. काठ्या, दगड सुरू झाले. एका जर्मन कॉर्पोरलने पिस्तूल झाडून एकाच्या डोक्याला जखम केली; हा कॉर्पोरल कोण, ते कधीच कळलं नाही. पुलावर पोहोचल्यावर तिघांनाही कठड्यावरून खाली फेकण्यात आलं. एक पडूनच मेला. बाकीचे दोघे पुलावरून झाडलेल्या गोळ्यांनी आणि खाली धावलेल्या लोकांच्या लाथाबुक्क्यांनी मेले.

डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे सात आरोपी उभे राहिले. प्रश्न असा की खून कोणी केला? हायरने बोटसुद्धा लावलं नव्हतं. शिपाई पीटर क्योनेन बंदूक घेऊन नुसता उभा होता. आणि गर्दीतल्या कोणाच्या फटक्याने कोण मेलं, ते देवालाच ठाऊक. आपल्याकडे फौजदारी वकिली केलेल्या कोणालाही हा पेच ओळखीचा वाटेल. दंगलीच्या प्रत्येक खटल्यात बचावाचा वकील हेच विचारतो, ‘माझ्या अशिलाची काठी नेमकी कोणाला लागली, सांगा.’ आपल्या भारतीय दंड विधानात त्यासाठी कलम १४९ होतं. आता भारतीय न्याय संहितेत ते १९० झालं आहे. बेकायदा जमावाचा उद्देश एक असेल, तर त्या उद्देशासाठी झालेल्या गुन्ह्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार.

एसेनला सरकारी वकिलाने मांडलेलं म्हणणं याच जातकुळीचं होतं. पायऱ्यांवरून ते शब्द ऐकू आल्यावर त्या कैद्यांचं काय होणार हे गर्दीला समजलं होतं. ते समजून ज्याने स्वतःहून हात उचलला, तो त्या हत्येत सामील झाला. न्यायालयाने हायरला आणि गर्दीतल्या एका नागरिकाला फाशी दिली, एकाला जन्मठेप, एकाला १० वर्षं. दोघांविरुद्ध पुरेसा पुरावा नव्हता, ते सुटले. सरसकट सगळ्यांना लटकवलं नाही, हेही या खटल्याचं बळ आहे.

आणि शिपाई क्योनेन? त्याने एकही दगड मारला नव्हता. त्याला वरून हुकूम होता. त्याला ५ वर्षं कैद झाली. या एका शिक्षेवर मी पुष्कळ विचार केला आहे. कायद्यात साधारणपणे रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला शिक्षा होत नाही. पण क्योनेन रस्त्यावरचा बघ्या नव्हता. त्या तिघांचे हात रिकामे होते आणि बंदूक याच्याकडे होती, ती याचसाठी की हा त्यांना सुखरूप पोहोचवील. ज्याच्या स्वाधीन माणूस केला आहे, त्याचं नुसतं उभं राहणंसुद्धा कृत्य ठरतं. हुकूम होता म्हणून शिक्षा कमी झाली असेल, पण दोष पुसला गेला नाही.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढे गेलो तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. रुसेल्सहाइमचा खटला ज्या डार्मश्टाट शहरात चालला, त्या शहरावर ११ सप्टेंबर १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी आग ओतली होती. एका रात्रीत दहा हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत बायका-मुलं किती. आरोपींना न्यायालयात नेताना भोवती तेच जळकं शहर होतं. त्या रात्रीसाठी कोणावरही खटला झाला नाही. हरलेल्यांचे गुन्हे न्यायालयात जातात आणि जिंकलेल्यांचे इतिहासात, ही तक्रार तेव्हाही झाली, आजही होते, आणि तिला सरळ उत्तर नाही.

पण त्या तक्रारीतून काय निघतं, ते पाहा. शहरांवर आग ओतणाऱ्यांचाही न्याय व्हायला हवा होता, एवढंच निघतं. रस्त्यावर कोसळलेल्या सहा पोरांना हातोड्याने मारणं बरोबर होतं, हे त्यातून निघत नाही. समजा, ते खरोखरच आदल्या रात्रीचे वैमानिक असते, तरी त्यांच्या गुन्ह्याचा निवाडा कोणी करायचा? दोन्ही गोष्टींसाठी उत्तर न्यायालय हेच आहे. एक न्यायालय भरलं नाही म्हणून दुसरंही भरायला नको होतं, असं म्हणणाऱ्याला न्याय नकोच असतो.

यातून जग थोडं शिकलं. १९४९ चे जिनिव्हा करार आले. तिसऱ्या कराराच्या १३ व्या कलमात तेच जुनं संरक्षण जास्त ठळकपणे आलं. १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात तर ४२ वं कलम खास यासाठीच आहे. बिघडलेल्या विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्यावर हवेत असताना हल्ला करायचा नाही, आणि जमिनीवर आल्यावर शरण येण्याची संधी द्यायची. त्याच पुरवणीत नागरी वस्तीवर सरसकट बॉम्ब टाकायलाही बंदी आली. भारत १९४९ च्या करारांना बांधील आहे आणि त्यासाठी आपल्या संसदेने १९६० मध्ये कायदा केला. १९७७ च्या पुरवणीवर मात्र आपण अजून सही केलेली नाही.

पण हे सगळं पाश्चात्त्यांनी शोधलं असं समजू नका. महाभारताच्या शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. ज्याचं शस्त्र मोडलं, ज्याच्या धनुष्याची दोरी तुटली, ज्याचं वाहन नष्ट झालं, त्याला मारू नये. तो जखमी असेल तर आपल्या राज्यात त्याच्यावर उपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोहोचवावं. वाहन गेलेल्यासाठी तिथे शब्द आहे ‘हतवाहन’. विमान पडलेल्या वैमानिकाला याहून नेमका शब्द कुठल्या करारातही नसेल. आणि हे सांगतोय कोण? ज्या युद्धात शस्त्र टाकलेल्याला आणि रथाचं चाक रुतलेल्याला मारलं गेलं, त्याच युद्धात पडलेला म्हातारा. नियम माहीत होता, मोडलाही गेला, आणि मोडल्याचं दुःख महाभारतकारांनी लपवलं नाही.

आता घराकडे येतो. १९७१ च्या युद्धात आपले जे वैमानिक पाकिस्तानात पकडले गेले, त्यांत फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर होते. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह त्यांनी रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडली आणि अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ जाऊन ते पकडले गेले. पळून जाताना पुन्हा पकडलेल्या कैद्यालाही त्यासाठी जिवे मारता येत नाही; जिनिव्हा करारानुसार त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. ते तिघेही पुढे घरी परतले. तो कायदा नसता तर आज आपण त्यांच्या पराक्रमाची गोष्ट सांगत नसतो, पुतळा उभारत असतो.

१९९९ मध्ये कारगिलच्या वेळी एकाच दिवशी, २७ मेला, दोन गोष्टी घडल्या. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत पकडले गेले आणि आठवड्याभरात परत आले. स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांचा मृतदेह परत आला. विमानातून ते जिवंत बाहेर पडले होते आणि जमिनीवर जवळून गोळ्या घालून त्यांना मारलं, असं शवविच्छेदनाच्या आधारे भारताने म्हटलं. त्याचा खटला आजवर कुठेही झाला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये, आपल्याच ग्वाल्हेरची मिराज विमानं बालाकोटला जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी, विंग कमांडर अभिनंदन वर्धमान सरहद्दीपलीकडे उतरले. गावकऱ्यांनी त्यांना मारायला सुरुवात केली होती. पाकिस्तानी सैनिकांनी त्यांना गर्दीतून बाहेर काढलं. शत्रूच्या सैनिकांबद्दल हे वाक्य बोलताना जीभ अडखळते, पण खरं ते बोललं पाहिजे. एसेनच्या क्योनेनने जे केलं नाही, ते तिथे कोणीतरी केलं, म्हणून आपला माणूस १ मार्चला वाघ्याहून चालत घरी आला.

आणि युद्ध नसताना? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक, पोलीस हजर असताना, तसेच मारले गेले. आपल्या मराठी मुलखात, आपल्या भाषेत ओरडणाऱ्या जमावाने. ‘हेच ते’ म्हणून कोणीतरी ओरडलं, आणि ते विचारायला कोणी थांबलं नाही. रुसेल्सहाइमच्या माणसांना राक्षस म्हणून मोकळं होता येत नाही, ते यामुळे.

शेवटची गोष्ट. त्या प्रेतांच्या ढिगातून निसटलेल्या दोघांपैकी एक, सिडनी ब्राउन, २००१ मध्ये म्हातारपणी रुसेल्सहाइमला परत गेले. गावाने त्यांना बोलावलं होतं आणि त्यांची क्षमा मागितली. पुढे तिथे स्मारकही झालं. ज्या रस्त्यावर हे झालं त्याच गावात, स्वतःच्या आजी-आजोबांनी काय केलं ते दगडावर लिहून ठेवायला धैर्य लागतं. फाशीची शिक्षा परक्यांनी दिली होती. स्मारक त्यांनी स्वतः उभारलं.

विसर्जनाच्या मिरवणुकीला आपण लाखोंनी रस्त्यावर उतरतो. गर्दीत माणूस स्वतःला विसरतो, आणि तो आनंद मीही घेतो. तेवढ्या गर्दीतही कोणाचं लहान मूल पायाखाली येऊ नये म्हणून आपले कार्यकर्ते दोर धरून उभे असतात. तो दोर धरणारा हात मोठा आहे, हे आपल्या मुलांना सांगा. त्यांच्यातलं कोणी उद्या महाराजपूरच्या तळावर असेल, कोणी पोलिसात असेल, कोणी नुसतंच गर्दीत उभं असेल. तिघांनाही ते उपयोगी पडेल.

 गणपती बाप्पा मोरया.